बिराजदारबाईंचा पत्ता

लग्नानंतर बारा वर्षं मी माझ्याच संशोधनाची स्तुती छापून आणत होते. एका नावाने केली असती तर लोक गर्विष्ठ म्हणाले असते. दोन नावांनी केली म्हणून विदुषी म्हणाले. मूर्खपणा तो हाच, आणि तो कबूल करायला मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी चिपळूणहून लातूर आणि लातूरहून नांदेड असं फिरावं लागलं.

झालं असं. मी लग्नाआधी लातूरजवळच्या एका गळीत धान्याच्या संशोधन शेतावर करडईवरचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, मोजत असे. तेव्हा मी मंदाकिनी शिवलिंगप्पा बिराजदार. माझे चार-पाच निबंध त्या नावाने छापून आले. मग लग्न झालं. सासरी एक मंदाकिनी आधीच होती, चुलतसासूबाई, आणि एका घरात दोन मंदाकिनी नकोत म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नाव ‘वसुधा’ काढलं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, बिराजदारांच्या जागी शेटे. तीन अक्षरांची सही, तिन्ही अक्षरं बदलली. शेत तेच, मावा तोच, भिंगसुद्धा तेच.

आता शहाण्या बाईने पुढच्या निबंधात लिहिलं असतं, ‘प्रस्तुत लेखिकेने पूर्वी दाखवल्याप्रमाणे’. मी लिहिलं, ‘बिराजदार यांनी निःसंशय सिद्ध केल्याप्रमाणे’. का, तर जुन्या नावाची आठवण यायची. माहेरी पत्र टाकावं तसा मी दर निबंधात बिराजदारबाईंचा एक संदर्भ टाकत होते. एकदा तर सासूबाईंशी खटका उडालेला होता, त्या तिरमिरीत ‘या विषयातील त्यांचा अधिकार वादातीत आहे’ असंही लिहून मोकळी झाले. आणि पुढे माझीच एक मोजणी चुकलेली सापडली तेव्हा ‘बिराजदार यांची नोंद घाईची वाटते’ असा टोलाही हाणला. संपादक पुण्याचे. त्यांना काय पत्ता.

यावर पस्तीसेक वर्षं धूळ बसली. यजमानांच्या कोयनेच्या कामामुळे आम्ही चिपळूणला आलो ते तिथलेच झालो. करडई गेली, आंबा-फणस आले. आणि गेल्या मार्गशीर्षात फोन आला.

“मॅडम, मी प्रज्ञा सोनकांबळे बोलून राहिले, नांदेडहून. शेटे मॅडम ना? करडईवाल्या?”

“आता गुडघेवाल्या. बोला.”

“मॅडम, मला बिराजदार मॅडमचा पत्ता पाहिजे होता. एम. एस. बिराजदार. तुम्ही ओळखत होता का त्यांना?”

इथे माझ्या जिभेला खाज सुटली. “ओळखत होते,” मी म्हटलं, “फार आगाऊ मुलगी होती.”

“हयात आहेत का?”

“अधूनमधून.”

पोरगी बिचारी हसली नाही, लिहून घेत होती. ग्रंथालयशास्त्रात पीएच.डी. करते म्हणाली. विषय: मराठवाड्यातल्या गळीत धान्य संशोधकांचं काम किती पोचलं, कुणी किती निबंध लिहिले आणि पुढच्यांनी त्यांचे किती हवाले दिले. हदगावच्या एका कॉलेजात ती तासिकांवर शिकवत होती. पदवी झाली तर कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. मला तिने चौथं प्रकरण मोबाइलवर पाठवलं, ‘तुम्हाला आवडेल’ म्हणून.

ते सुट्टीला आलेल्या माझ्या नातीने, ओवीने, मला वाचून दाखवलं. प्रकरणाचं नाव होतं ‘सौजन्यपूर्ण मतभेद: दोन स्त्री-संशोधकांचा संवाद’. शेटे या बिराजदारांचं ऋण मानत, प्रसंगी टीकाही करत, पण पातळी कधी सोडत नसत, असं सतरा पानांत सप्रमाण मांडलेलं. दोघींना आकडाही लावला होता.

“कसला गं आकडा?” मी विचारलं.

“आजी, तुझे पाच निबंध असे आहेत ना, की त्यातल्या प्रत्येकाचा निदान पाच जणांनी हवाला दिलाय. म्हणून तुझा आकडा पाच. सहा व्हायला तसे सहा निबंध लागतात. बिराजदारबाईंचा चार. कोण या?”

मी सांगितलं. ओवी पुण्यात भौतिकशास्त्र शिकते, तिला हसू आवरेना. मग एकदम थांबली. “आजी, स्वतः स्वतःचा हवाला दिला तर तो वेगळा काढतात. ही मुलगी हे प्रकरण घेऊन परीक्षेला बसणार, आणि परीक्षकाला कळलं तर?”

फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर माणूस कबुली देतो आणि फोन ठेवतो. समोरच्याचं तोंड बघायला नको म्हणूनच आपण फोनवर बोलतो. मी तिकीट काढायला सांगितलं, आणि प्रज्ञाला ‘भेटायला येतेय’ एवढंच कळवलं.

लातूर

सकाळी भावाच्या घरी उतरले तर वहिनीने पुढ्यात सुशीला ठेवली. चिपळूणच्या वाचकांसाठी सांगते, सुशीला ही बाई नव्हे. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना हिरव्या मिरचीची फोडणी देतात, वर दाण्याचं कूट. कोकणात पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथे खोबऱ्याची आठवण कुणाला येत नाही, दाणे सगळीकडे पुरतात. माझ्या कोकणी झालेल्या जिभेला पहिल्या घासाला ठसका लागला. भाऊ म्हणाला, “अक्का, तू आता पाव्हणीच झालीस की.” मी हट्टाने दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि दुपारपर्यंत ताक पीत बसले.

मला पुरावा हवा होता. दोन्ही बायका मीच, हे नुसत्या तोंडाने कोण मानणार? वहिनीच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली, तीवर ‘मंदाकिनी’. आणि एक फोटो: मांडीवर तांदळाचं ताट, ताटात ‘वसुधा’ स्पष्ट, आणि वर माझं तोंड असं फुगलेलं की करडईचा काटा रुतलाय वाटावं. सव्वीस वर्षांची ती पोरगी बघून मला तिला दोन चापट्या द्याव्याशा वाटल्या. रुसायचं होतं तर तेव्हाच नाव राखायचं होतं. ते जमलं नाही, आणि सूड काढला तो संदर्भसूचीत.

दुपारी गंगाबाईकडे गेले. शेतावर मजुरीला होती, पण मावा मोजण्यात माझा उजवा हात. करडईच्या शेंड्याची पाच सेंटिमीटर फांदी धरायची आणि भिंगाखाली तिच्यावरचे किडे मोजायचे, हे काम. काटे टोचतात म्हणून हातांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायच्या. मला चाळिसाच्या पुढे गरगरायचं. गंगाबाई दोनशेपर्यंत न चुकता जायची. शाळेत गेली नव्हती, वीस-वीसच्या गाठी मारायची पदराला.

आता ती लेकाच्या पक्क्या घराच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला बघून उठली नाही.

“मंदाबाई का वसुधाबाई? कोन आलंय आज?”

“दोघी आल्यात,” मी म्हटलं आणि शेजारी बसून शेंगा ओढल्या. सगळी हकिकत सांगितली. ती ऐकत होती, हात चालू होते.

“मी तवाच म्हनलं हुतं,” ती म्हणाली. “बाईचं नाव बदललं म्हून मावा बदलतो का? तुमी म्हनला, गप गं, तुला न्हाई कळायचं.”

असं मी म्हटलं होतं. मला आठवलं.

“आन त्या तुमच्या निबंदात माजं नाव हाय का?”

शेंग सोलायची राहिली. शेवटच्या ओळीत आभार असत, ते संचालकांचे, टंकलेखकाचे आणि ‘शेतावरील कर्मचाऱ्यांचे’. मी तसं सांगितलं.

“म्हंजी तुमी दोन डाव, आन मी एकबी न्हाई,” गंगाबाई म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, मोजणी होती. मग सुपातल्या तुरीच्या मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकून म्हणाली, “खावा. कवळी हाय. आन त्या पोरीला सांगून टाका. काटा आत ऱ्हायला की पिकतो.”

चाकूर

नांदेडची एसटी चाकूरला थांबली. पिशवी घेऊन उतरले, चहा घेतला. डोक्यात एकच पाठांतर: ‘प्रज्ञा, मी तुला एक सांगणार आहे, रागावू नकोस.’ की ‘तुम्हाला’ म्हणावं? की आधी फोटो काढावा? असं घोकत पुन्हा गाडीत चढले, खिडकीशी बसले. बाहेर फुलावर यायच्या बेतातली करडई, मध्ये हरभरा, पलीकडे ज्वारी हुरड्यात आलेली. किती दिवसांनी काळी माती बघत होते. आमच्याकडे लाल. डोळे निवले.

मग एक पिवळं मंदिर आलं. ते मघाशी डावीकडे दिसलं होतं. आता उजवीकडे.

“कंडक्टर, ही गाडी कुठे चालली?”

“लातूरला, आज्जी. तुमाला कुटं जायचंय?”

“नांदेडला.”

“मंग तोंड तिकडं करून बसायचं न्हाई का?” तो म्हणाला. गाडीभर माणसं हसली. फाट्यावर उतरवताना त्याने समोरून येणारी नांदेडची गाडी हात दाखवून थांबवली, माझी पिशवी स्वतः चढवली आणि तिकडच्या कंडक्टरला ओरडून सांगितलं, “आज्जीला चहाला सोडू नका.” कोकणात असं ओरडून कुणी काळजी करत नाही, हळू बोलून करतात. मला हे बरं वाटलं.

त्या चुकीच्या गाडीत बसलेल्या माझ्या मनाला, खरं सांगायचं तर, परत लातूरला गेले असते तर बरं, असंच वाटत होतं.

नांदेड

प्रज्ञा स्टँडवर न्यायला आली होती. बारीक, चष्मा लावलेली, बोलताना हातवारे फार. स्कूटीवर मागे बसवून तिने मला वळणावळणांनी घरी नेलं. “मॅडम, पाचही प्रती काल बाइंडिंगला टाकल्या,” ती वाटेत ओरडून सांगत होती. “आमचे सर म्हणाले, चौथं प्रकरण सगळ्यात भारी झालं. सोमवारी विद्यापीठात जमा करून टाकते.” मी मागे तिच्या खांद्याला घट्ट धरून. तिला वाटलं, स्कूटीची भीती.

घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पुस्तकांची मांडणी, आणि प्रज्ञाची आई शांताबाई चुलीसारख्या मोठ्या गॅसपुढे भाकरी थापताना. मी चप्पल काढली न काढली तोच म्हटलं, “मला आधी काही सांगायचंय.”

“आदी जेवन,” शांताबाई म्हणाल्या. “उपाशी पोटी सांगितल्यालं खरं नसतं.”

ताटात ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी आणि करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी, लसणाची फोडणी दिलेली. पस्तीस वर्षांनी ती भाजी खात होते. शांताबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची करडई कापली होती, हातावर पांढरे व्रण होते. माझ्याही अंगठ्याला एक आहे, तो मी दाखवला. त्यांनी तो बघितला आणि मला अजून एक भाकरी वाढली. ज्यांचं मीठ खातेय त्यांच्याच लेकीचं पुस्तक फाडायला आलेय, या विचाराने मी त्या भाकरीचे नुसते तुकडे करत बसले.

हात धुऊन मी पत्रिका आणि फोटो सतरंजीवर ठेवला. पाठांतर सगळं विसरले.

“ही बिराजदारबाई,” पत्रिकेवर बोट ठेवून म्हटलं. “आणि ही शेटेबाई,” ताटावर. “आणि हे फुगलेलं तोंड माझं.”

प्रज्ञाने फोटो उचलला. पत्रिका बघितली. पुन्हा फोटो. चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“दोन्ही तुम्हीच?”

“दोन्ही मीच.”

“पण त्या... तुम्ही... ‘घाईची नोंद’ म्हणालात ना त्यांना?”

“घाईचीच होती. ढगाळ दिवशी मोजली होती.”

ती खाली बसली, भिंतीला टेकून. मला वाटलं आता रडेल. पण बोलल्या त्या शांताबाई, हातातलं पीठ झाडत.

“म्हंजी बाई, तुमी सोताच सोताची तारीफ करून राहिल्या हुत्या?”

“हो.”

“बारा वर्सं?”

“हो.”

“लई धीर लागतो,” त्या म्हणाल्या. आणि त्यांचं पोट गदगद हलायला लागलं. त्या हसल्या तशी प्रज्ञाही हसली, पण तिचं हसणं अर्ध्यात तुटलं. “आई, पाच प्रती बाइंडिंगला गेल्यात,” ती म्हणाली. “काळं कापड चढलं असंल. सोमवारी शेवटची तारीख हाय.”

तिने बाइंडरला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आले ते तोंड हेच, आणि ते बघणं काही सोपं नव्हतं. आम्ही दोघी ऑटो करून दुकानाकडे निघालो. दुकानाला कुलूप. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, “भाऊ तर कालधरनं हदगावला गेला लग्नाला. कायबी काम हातात घेतलं न्हाई. उद्या येईल.”

प्रज्ञा त्या बंद शटरला हात टेकून उभी राहिली आणि तिने जो श्वास सोडला तो मला ऐकू आला. माझाही सुटला. माझ्या लग्नाने माझ्या नावाचे दोन तुकडे केले होते, आणि कुणाच्या तरी लग्नानेच प्रज्ञाच्या पाच प्रती वाचवल्या. पानवाल्याकडून मी दोघींना मसाला पान घेतलं.

तिच्या सरांना तिथूनच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, “यादीत बायका किती आहेत?” आणि म्हणाले, “मुदतवाढीचा अर्ज मी देतो. प्रत्येकीला फोन कर, लग्नाआधीचं नाव विचार. हे आधी का नाही विचारलं आपण?”

दुसरा दिवस मी तिच्याकडेच राहिले. प्रज्ञा एकेक नंबर शोधून फोन लावत होती, शांताबाई चहा करत होत्या. तिच्या तक्त्यात तीन बायका अशा होत्या, ज्यांच्या नावापुढे तिने ‘संशोधन थांबवले’ असं लिहिलं होतं. त्यातली एक संध्याकाळी परभणीत सापडली. तिने काहीच थांबवलं नव्हतं. नाव बदलून त्याच यादीत खाली बसली होती, वेगळ्या आकड्यानिशी. प्रज्ञाने फोन ठेवला आणि म्हणाली, “ह्यांना मीच रिटायर केलं हुतं.” तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. तिला कळलं होतं की प्रकरण बुडालं नाही, आत्ता कुठे सुरू झालंय.

माझाही हिशेब तिने नव्याने मांडला. दोघींचे निबंध एकत्र केले, आकडा सहावर गेला. मी मनातल्या मनात थोडी ताठ झाले. मग तिने मीच मला दिलेले हवाले वजा केले. चार.

“दोघी मिळून सहा, आणि खरं बोलल्यावर चार,” मी म्हटलं.

“चार चांगला हाय, आजी,” ती म्हणाली. मॅडमची आजी कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नाही. “हे चार दुसऱ्यांनी दिलेत.”

मी तिला गंगाबाईबद्दल सांगितलं. आभार मोजण्याची तिच्या शास्त्रात सोय नाही म्हणाली. जरा वेळाने मात्र वही काढून गंगाबाईंचं पूर्ण नाव विचारलं, आणि पदराच्या गाठी कशा मारत होत्या तेही.

परतीच्या प्रवासात मी लातूरपर्यंत गाढ झोपले. चाकूरला चहाला उतरले नाही. चिपळूणला आल्यावर ओवीने विचारलं, “काय झालं?” मी पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या आणि म्हटलं, “आधी जेवण.”

प्रज्ञाची तोंडी परीक्षा परवा झाली. त्यानंतर अर्ध्या तासाने तिचा फोन आला. मागे कुणी पेढे वाटत होतं, शांताबाई कुणाला तरी ‘थांब जरा’ म्हणत होत्या. प्रज्ञा जे बोलली ते तिच्याच शब्दांत देते.

“आजी, झालं. परीक्षकांनी चौथं प्रकरण दोनदा वाचायला लावलं, आणि खाली गंगाबाईंचं नाव हाय तेबी वाचलं. आता तुम्ही त्या आगाऊ पोरीला एक निरोप द्या. म्हणावं, तुझा पत्ता सापडला.”